‘प्रोडिजस’ची अर्धी गोष्ट

शाळेत मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. धड्यात ‘प्रोडिजस’ हा शब्द आला की फळ्यावर ‘अचाट, अफाट, असाधारण’ एवढं लिहायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. एखादी चुणचुणीत पोरगी विचारायचीच, ‘‘मॅडम, हा शब्द आला कुठून?’’ मी तिच्यावर खेकसायचे, ‘‘परीक्षेत विचारणार आहेत का? मग गुमान लिहून घे!’’ पोरी आपसांत म्हणायच्या, मॅडमचं डोकं फिरलं. तापट तर मी आहेच, ते घरादाराला ठाऊक आहे. पण या शब्दापाशी मी चिडायचे ती भीतीपोटी. तो कुठून आला हे मी एकदा चारचौघांत सांगितलं होतं, आणि तेही अर्धंच. ते अर्धं माझ्या वहिनीला भोवलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव असोद्याच्या पुढे, एसटीनं अर्ध्या तासाचं. घरात आम्ही पाच माणसं. वडील, म्हणजे आबा. त्यांची थोरली बहीण अक्का, जी तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि गावातली अर्धीअधिक बाळंतपणं जिच्या हातून झाली. माझा थोरला भाऊ, वहिनी, आणि मी. आई मी सातवीत असतानाच गेली होती.

इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी गावातली मी पहिली मुलगी. त्याचं माझ्या अंगात किती वारं भरलं होतं म्हणून सांगू! खताच्या पोत्यावर काय छापलंय, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, मुंबईहून आलेल्या पत्रात काय आहे, सगळं माझ्याकडे यायचं. मी वाचून दाखवलं की ते पक्कं. ‘‘आबांच्या पोरीनं वाचलं,’’ म्हणायचे, आणि पुढे कुणी विचारायचं नाही. आबा वरून काही दाखवायचे नाहीत, पण असं कुणी दारात आलं की मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे. मीही पदर खोचून, घसा खाकरून वाचायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली, दुसरं काय.

वहिनी शिरपूरकडची. तिची बोली आमच्याहून निराळी, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळे’ला ‘बठ्ठा’ म्हणणारी. आमच्याकडच्या बायका विहिरीवर तिची नक्कल करून हसायच्या. ती त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन गप्प व्हायची. चार वर्षांत तिची दोन बाळंतपणं झाली होती, दोन्ही घरात, दोन्ही अक्काच्या हातची. पहिल्या वेळी तीन दिवस कळा दिल्या, दुसऱ्या वेळी दोन. दोन्ही लेकरं मेलेली निघाली. आबांनी ती स्वतःच्या हातांनी शेताच्या बांधाला पुरली, आणि नंतर कित्येक दिवस त्या बाजूनं पाणी धरायला भावालाच पाठवलं.

तिसऱ्या वेळी मात्र भावानं धीर करून तिला जळगावला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मी सोबत होते. बाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं. कंबर अरुंद आहे, मूल आडवं आहे, नववा लागलाय. ऑपरेशन करावं लागेल. ‘‘सोमवारी सकाळी दाखल करा. दुखायला लागायची वाट बघत बसू नका, कळलं का?’’ हे मंगळवारी. म्हणजे हातात सहा दिवस होते.

परत येताना एसटीत वहिनीनं माझा हात धरला. भाऊ पुढे उभा होता, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, ‘‘ताई, आबा तुमनं ऐकतस. तुम्ही बोला. तुमना भाऊ नही बोलाऊ.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘माले तिसरं लेकरू मातीमा नही घालनं. बोलशात ना?’’

‘‘बोलते की!’’ मी म्हटलं. ‘‘त्यात काय एवढं? माझ्यावर सोडा.’’

त्यात काय एवढं, असं म्हटलं खरं. पण आबांच्या मनात पोट कापणं ही गोष्ट बसत नव्हती. मंगळवारी रात्री जेवताना भावानं विषय काढला तर ते एवढंच म्हणाले, ‘‘पाहू.’’ त्यांच्या ‘पाहू’चा अर्थ घरात सगळ्यांना कळायचा. मी म्हटलं, आज नको, उद्या बोलू. तापट माणसं शूर असतात असं लोकांना वाटतं. कसलं काय! मी एसटीच्या कंडक्टरशी भांडायचे, कॉलेजातल्या पोरांना तोंडावर झापायचे, आणि आबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

बुधवारी सकाळी भाऊ शेतातून पळत आला. त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली होती. केळी निसवायच्या, म्हणजे घड सोडायच्या, वेळेला अशी थंडी पडली की घड खोडाच्या गळ्याशी अडकतो, बाहेर पडत नाही. हे केळीवाल्यांना काही नवं नाही, दर हिवाळ्यात दहापाच झाडं अशी जातात. पण भावानं पाहिलेल्या झाडाचा घड गळ्याशी अडकला तो खोडाचं पोट फाडून मधूनच बाहेर आला होता. माणसाच्या कमरेच्या उंचीवर, केळफुलाचं जांभळं कमळ लोंबतंय, वर फण्या लागलेल्या. मी बघायला गेले. खरं सांगते, अंगावर काटा आला. खोड उभं चिरलेलं, आणि त्यातून तो घड.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन गावांत. कुणी कुंकू लावलं, कुणी उदबत्ती खोचली, कुणी खोडाला खण गुंडाळला. कुणी म्हणालं देवीचा प्रसाद आहे, कुणी म्हणालं वाईट आहे, मुळासकट उपटून फेका. आबा दोन्हीकडचं ऐकून घेत होते. त्यांचं तोंड मात्र उतरलं होतं.

आता कॉलेजातली गोष्ट. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्याच आठवड्यात एक खेळ मांडला होता. डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक चिठ्ठीत एक विशेषण, सगळी अचाट, असाधारण गोष्टींना लावायची. ज्याला जे येईल त्यानं त्याचा अर्थ आणि जन्म शोधून पानभर लिहायचं. मला ‘प्रोडिजस’ आला. गुरुवारी लायब्ररीतला जाडजूड कोश टेबलावर ओढून मी बसले, आणि वाचता वाचता चाटच पडले. इंग्रजांनी हा शब्द लॅटिनमधून घेतला. तिथे मूळ शब्द ‘प्रोडिजियम’. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधला. दोन डोक्यांचं वासरू जन्मलं, आभाळातून दगड पडले, देवाच्या मूर्तीला घाम फुटला, असं निसर्गाच्या रीतीबाहेरचं काही घडलं की त्याला ते लोक प्रोडिजियम म्हणायचे. देव रागावल्याची ती खूण. गावोगावचे लोक त्याची वर्दी राजधानीत द्यायचे, आणि राज्य चालवणारे मोठे लोक ती बसून ऐकायचे.

कोशात पुढेही होतं. ती खूण खरी मानली की मोठे लोक पुरोहितांना विचारून एक विधी करायचे, देवाचं देणं देऊन टाकायचे, आणि मग तो विषय मिटला. त्या खुणेची भीती कुणी मनात धरून बसायचं नाही. पुढे शतकं गेली, शब्दातली देवाची भीती गळून गेली, नुसतं मोठेपण उरलं. आज प्रोडिजस म्हणजे अफाट, बस्स. हे सगळं मी वाचलं होतं. वहीत उतरून घेतलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा मला जागा नाही.

एसटीत मी त्या शब्दानं फुगून बसले होते. काय योग आहे बघा! कॉलेजात तो शब्द आणि आमच्या शेतात ती केळ. फाट्यावर उतरून घराकडे आले तर ओट्यावर दहाबारा माणसं जमलेली. मध्ये आबा. वाद रंगला होता, शुभ की अशुभ. मी चपला काढत होते तेवढ्यात आबांनी हाक मारली.

‘‘तू सांग वं. तुह्या त्या इंग्रजीत काही हाये का असं?’’

‘‘हाये ना!’’ मी म्हटलं. ‘‘आजच वाचलं.’’

आणि सुरू झाले. वासरू सांगितलं, दगड सांगितले, घामेजलेली मूर्ती सांगितली. आवाज चढवून, हातवारे करून. अर्धा तास भांडणारी माणसं तोंडाचा आ वासून ऐकत होती. सरपंचाचे वडील, ज्यांनी आयुष्यात कुणा बाईमाणसाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नसेल, ते काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होते. ‘‘रीतीबाहेरचं काही निघालं की ती देवाची ताकीद,’’ मी म्हटलं. ‘‘ती हसण्यावारी न्यायची नाही, असं ते मानायचे. एवढं मोठं राज्य, पण घाबरून असायचे.’’

‘‘म्हंजे गोऱ्यांतबी होतं हे,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘छापेल हाये का पुस्तकात?’’ आबांनी विचारलं.

‘‘हो, छापलेलं आहे.’’

इथे मी थांबले. पुढचा विधी, विषय मिटणं, भीती गळून जाणं, हे सगळं जिभेवर होतं. पण ते सपक होतं हो. ते सांगितलं असतं तर ताणून धरलेले सगळे चेहरे सैल पडले असते, कुणीतरी जांभई देऊन उठलं असतं. मला ते नको होतं. मला ते माझ्याकडे बघत राहायला हवे होते. म्हणून मी तिथेच थांबले. झालं, इतकंच माझं पाप. ऐकायला किती लहान वाटतं.

मग सरपंचाचे वडील हळूच म्हणाले, ‘‘ताकीद हाये तं कशाची हाये, ते पाहा लागेन. घड पोट फाडून निंघाला.’’ सगळ्यांच्या नजरा एकदा आमच्या घराच्या दाराकडे गेल्या आणि खाली वळल्या. कोणाच्या घरात काय चाललंय हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

वहिनीच्या ऑपरेशनची गोष्टही सांगावी लागली नव्हती.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, ‘‘त्या केयीले लोखंड लावाचं नाही. घड आपसूक पिकीन, आपसूक उतरीन. तोवर घरातबी कोणाले लोखंड लागाचं नाही.’’ केळीला कोयता नाही, तशी घरात डॉक्टरची सुरी नाही; कोणाले, ते त्यांनी म्हटलं नाही. ओट्यावरची माणसं माना हलवत उठली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घड पिकायला तीन महिने तरी जातात, आणि सोमवार चार दिवसांवर आला होता.

त्या संध्याकाळी वहिनीनं मला ताट वाढलं आणि काही विचारलं नाही. मी मान खाली घालून जेवले. शुक्रवारी मी आबांशी बोलेन म्हणून उठले आणि बोलले नाही. शनिवारी सकाळी ते गोठ्यात एकटे होते, तेव्हा गेले. ‘‘आबा,’’ मी म्हटलं, ‘‘ते मी सांगितलं ना, रोमचं, ते तसं अगदी तसंच नव्हतं.’’

ते वळले. ‘‘मंग कसं होतं? गावासमोर खोटं बोल्ली का तू?’’

एवढंच विचारलं त्यांनी. रागानंही नाही. ‘खोटं नाही, पण अर्धं बोलले,’ हे म्हणायला किती वेळ लागतो? पण अर्धं बोलले म्हटलं की का बोलले हे सांगावं लागणार. आणि उद्या गावभर होणार, आबांची पोरगी उगाच फेकते, तिच्या वाचण्यात काही दम नाही. मी म्हटलं, ‘‘नाही. खोटं नाही.’’ आणि शेपूट घालून घरात आले.

भावाला गाठलं. त्याच्यावर चांगलं तोंडसुख घेतलं. ‘‘नवरा आहेस ना तू तिचा? आबांना विचारतोस कशाला? उचल आणि ने!’’ तो म्हणाला, ‘‘तूच तर आग लावली अन् मले म्हनते?’’ बरोबर बोलला. बरोबर बोलला म्हणून मला त्याचा आणखीच राग आला, आणि आम्ही दोन दिवस बोललो नाही.

रविवार गेला. सोमवारी सकाळी वहिनीनं न सांगता आपली पिशवी भरून ठेवली होती. दोन जुनी लुगडी, बाळाची दुपटी, खोबरेल तेलाची बाटली. पिशवी दाराशी ठेवून ती चुलीपुढे बसली. आबा चहा पिऊन त्या पिशवीजवळून शेतात निघून गेले. भाऊ त्यांच्या मागे गेला. आणि मी? मी कॉलेजची वही उचलली आणि साडेनऊच्या एसटीला गेले. वहिनी चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. तिनं वर बघितलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

वर्गात काय शिकवलं, काही आठवत नाही. सर विचारत होते, ‘‘तुमचा शब्द तयार आहे का?’’ मी हो म्हणाले असेन. दुपारी दोनच्या सुमाराला दाराशी ठेवलेली ती पिशवी डोळ्यांपुढून हलेना, मी तास सोडून उठले आणि स्टँडवर पळाले. एसटी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला. त्याच्यावर मी स्टँडभर ओरडले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तिथे ओरडायला मला काही वाटलं नाही.

घराच्या वळणावरच वहिनीचा आवाज ऐकू आला. मी घरात शिरले. कळा सकाळी अकरापासून सुरू झाल्या होत्या. अक्का माजघरातून बाहेर आली, हात धुतलेले, पदरानं पुसत. अक्काचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता.

‘‘आडवं हाये,’’ ती म्हणाली. ‘‘दोन डाव म्या मह्या हातानं केलं अन् दोन डाव मातीत घातलं. आता मह्याच्यानं होनार नाही. दवाखान्यात न्या तिले.’’

आबा ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. भाऊ अंगणात उभा. शेजारची चारपाच माणसं जमली होती. रस्त्याला केळी भरायला आलेला एक टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हरही येऊन उभा राहिला होता. अक्का बाहेर येऊन आबांना तेच म्हणाली. आबांनी डोळे मिटले. ‘‘अक्का, मी दोन पुरले,’’ ते म्हणाले. ‘‘देवानं ताकीद देली, अन् तरी मी तिले सुरीखाली घालू? लेकरू तं जाईन, अन् तीबी जाईन.’’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मला वाटत होतं आबा हटवादी आहेत. ते नुसते घाबरले होते. आणि ती भीती मी त्यांना पुस्तकाचा हवाला देऊन पक्की करून दिली होती.

आतून वहिनी ओरडली. मी आबांसमोर जाऊन उभी राहिले.

‘‘आबा, मी अर्धंच सांगितलं होतं.’’

त्यांनी डोळे उघडले.

‘‘पुस्तकात पुढे आहे. खूण दिसली की ते लोक घाबरून बसायचे नाहीत. मोठा माणूस देवाचं जे काय असेल ते देऊन टाकायचा, आणि मग झालं. मिटलं. पुढे त्याचं नाव काढायचं नाही.’’ मी भराभरा बोलत होते. ‘‘छापलेलं आहे आबा. माझ्या वहीत आहे. आणू का?’’

‘‘कोन द्याचं? बामन?’’

‘‘विचारायचे पुरोहिताला. पण द्यायचा राज्यातला मोठा माणूस.’’

‘‘किती दिसात?’’

‘‘विधी झाला की झालं.’’

ते उठले. आत गेले. मला वाटलं आता काठी आणतात. ते देवघरातला नारळ घेऊन आले, अंगणात शेताच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, काहीतरी पुटपुटले आणि दगडावर नारळ फोडला. अर्धं खोबरं त्यांनी शेताकडे फेकलं. हात जोडले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

एक नारळ लागला हो. एक नारळ! गुरुवारी ओट्यावर मी आणखी दोन वाक्यं बोलले असते तर तो गुरुवारीच फुटला असता.

आबा वळले आणि मला म्हणाले, ‘‘हे तू त्या दिशी काहून नाही सांगितलं?’’

सगळे बघत होते. गुरुवारी ओट्यावर होती त्यांतलीच माणसं. मी म्हटलं, ‘‘सगळे माझ्याकडे बघत होते, आबा. मला ते सोडवत नव्हतं.’’

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त ‘‘टेम्पो खाली करा,’’ एवढं म्हणाले आणि स्वतः आत जाऊन वहिनीला उचलायला लागले. सुनेच्या समोर कधी नजर वर न करणारे आबा, त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं.

अर्धे घड भरलेले होते, ते पोरांनी रस्त्यावरच उतरवले. खाली केळीची पानं अंथरलेली होती, त्यावर गोधडी टाकून तिला निजवलं. अक्का तिच्या उशाशी, मी पायाशी. भाऊ ड्रायव्हरजवळ. आबा मागच्या फळीला धरून उभे. असोदा गेलं. खड्डा आला की वहिनी ओठ आवळायची, ओरडायची नाही. ओरडायचं त्राण संपलं होतं. पायाखालची गोधडी ओली होत होती आणि मी ती बघत होते. जळगावात शिरताना रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. डबे मोजू नयेत असं ठरवूनही मी मोजत होते. आबा खाली उतरून फाटकाच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, जसं काही ते त्यांना उचलून धरता येणार होतं. एवढ्या वेळात अक्काच्या तोंडून एकच शब्द निघत होता, ‘‘माय वं, माय वं.’’

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बघितलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, ‘‘सोमवारी सकाळी म्हटलं होतं ना मी?’’ बाई आत गेल्या.

दिवे लागायच्या वेळेला त्या बाहेर आल्या. मुलगी झाली होती. जिवंत होती. लहानखुरी, रडलेलीसुद्धा. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग बाई म्हणाल्या, ‘‘आई वाचली. पण गर्भाची पिशवी फाटली होती. काढून टाकावी लागली. आता पुढे मूल होणार नाही.’’ कुणी न विचारताच त्या पुढे म्हणाल्या, ‘‘कळा सुरू व्हायच्या आधी आणलं असतं तर हे झालं नसतं.’’

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. नात बघायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुढे त्यांनी मला कधी या गोष्टीचा शब्दानं दोष दिला नाही. गावानंही नाही. गावानं तर उलट म्हटलं, पोरीनं वेळेवर पुस्तकातला तोडगा सांगितला म्हणून सून वाचली. पत्रं वाचून घ्यायला लोक येतच राहिले. मी त्यांना ‘मला वेळ नाही’ म्हणून घालवून द्यायला लागले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वहिनीजवळ बसायची पाळी माझी होती. दुपारची वेळ. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. तिला काय सांगितलंय, काय नाही, हे मला माहीत नव्हतं. मी उगाच तिची उशी सारखी केली, पाणी विचारलं. शेवटी राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘वहिनी, माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं.’’ आणि रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले, म्हणजे तीच माझी समजूत घालेल अशा बेतानं. हे आता कळतं.

तिनं समजूत घातली नाही. मी गप्प होईपर्यंत थांबली. मग बाळावरचं दुपटं नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘त्या दिन मी दारना मांगे उभी व्हती, ताई. तुम्ही इतलं चांगलं बोली ऱ्हायन्यात. माले वाटनं, आते मना दवाखानानी गोट काढशात, आते काढशात.’’

तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं.

‘‘बठ्ठा उठी गयात, तरी मी उभीच व्हती.’’